रुदाच्या घळीबद्दल, लिसान्द्रुला

कोर्ती, ९ जून २०२४

लिसान्द्रु,

हे नाताळचं कार्ड नाही, हे पाकीट हातात घेतल्यावरच तुला कळलं असेल. आई बरी आहे. ते आधीच सांगून टाकते, नाहीतर तू पहिली ओळ सोडून शेवटच्या पानावर उडी मारशील. गुडघा सोडला तर बाकी ठणठणीत. जिभेचं तर विचारूच नकोस.

कामाचं लिहितेय. मार्चमधल्या पुराने तावियानु नदीवरचे दोन पूल नेले आणि वरच्या वाटा जागोजागी खरवडून काढल्या. नगरपालिकेने मला उन्हाळाभराचं काम दिलंय. नद्या, घळी, वरची तळी, सगळं पायाखाली घालायचं आणि काय उरलंय, काय गेलंय ते लिहून द्यायचं. मेलुच्या तळ्याला जाऊन आले. शिड्या जागेवर आहेत, साखळी गायब. त्याच्या वरच्या तळ्यावर अजून बर्फाची साय आहे. कडेला तेवढी वितळून हातभर निळी पट्टी झालीय. तिथे बसून पाव आणि बकरीचं चीज खाल्लं. दोन पर्यटक चपला घालून वर आले होते. चपला, लिसान्द्रु! मी काही बोलले नाही. हल्ली मी लोकांना फारसं टोकत नाही.

आता मुद्दा. नगरपालिकेला रुदाची घळ पुन्हा उघडायची आहे. त्या जुलैनंतर, म्हणजे अकरा वर्षं, तिथे कोणी दोर टाकलेला नाही. गावात घळी उतरवणारे नवे वाटाडे आलेत, चांगले आहेत, पण रुदा त्यांच्यातल्या कोणीच पाहिलेली नाही. ती शोधली तू, दोर अडकवायला खडकात बोल्ट ठोकले तू. मी नुसती मागून दोर वाहून आणायची आणि वहीत लिहायची. वहीत पहिले दोन धबधबे नीट आहेत. तिसऱ्याशी पान भिजून शाई फुटलीय.

तिसऱ्या धबधब्यावरचा बोल्ट डावीकडे आहे की उजवीकडे?

एवढंच कळवलंस तरी पुरे. बाकी काही लिहायलाच पाहिजे असं नाही.

दिवोता


कोर्ती, २७ जून

लिसान्द्रु,

कार्ड पोचलं. "डावीकडे. गुडघ्याएवढ्या उंचीवर. त्यावर भरवसा ठेवू नकोस. नवा ठोक."

आईने चष्मा लावून वाचलं, मग बोटांवर मोजलं. म्हणाली, "अकरा वर्षांत नऊ शब्द. वर्षाला एक पण भरत नाही." आणि कार्ड फ्रीजवर लावलं. मला वाटलं होतं, ड्रॉवरमध्ये टाकेल. फ्रीजवर लावलं.

मग भिंग घेऊन त्यातला फोटो बघत बसली, तू कुठे दिसतोस का म्हणून. तू नाहीस त्यात. कालवा आहे, लोखंडी दारं आहेत, काठावर लाल फुलांच्या कुंड्या. हिरवं, सरळ, शहाण्या मुलासारखं पाणी. तू ती दारं उघडतोस आणि मिटतोस, आणि बोटी पायरी चढल्यासारख्या वर जातात, असं आईने शेजारणीला समजावून सांगितलं. शेजारीण म्हणाली, "म्हणजे पाण्याचा दारवान." आई म्हणाली, "पाण्याचा, माणसांचा नव्हे, नीट बोल." तुझी बाजू घेतलेली मी पहिल्यांदा ऐकली.

या आठवड्यात निनुच्या तळ्याला दोन दिवस राहिले. तावियानुचा उगम पुराने हललेला नाही. गवतातली ती गोल डबकी तशीच आहेत. घोडे गुडघाभर पाण्यात उभे राहून चरतात आणि आपण जवळ गेलं तर नुसते कान हलवतात. आठवतं, तू म्हणायचास, नदी इथे झोपेतून उठतेय, अजून तिने डोळे चोळलेले नाहीत? खाली घळीत तीच नदी दगड फोडते, हे बघितल्याशिवाय कोणाला खरं वाटणार नाही.

परत येताना वाट वाकडी करून आन्सेल्मुकाकांच्या झोपडीवर गेले. चौऱ्याऐंशी वर्षांचे झालेत, तरी जूनमध्ये शेळ्या घेऊन वर येतातच. रुदाचं पाणी जिथून घळीत शिरतं त्या जागेच्या अगदी डोक्यावर बसलेले असतात. मला बघून ताजं ब्रोच्चु चीज काढलं, अजून वाफ येत होती त्याला. मी खात असताना म्हणाले,

"भावाला लिहिलंस म्हणे?"

"आईने सांगितलं वाटतं."

"काय लिहिलंस?"

"बोल्टचं विचारलं."

काका हसले. "बोल्टचं," म्हणाले. मग बराच वेळ शेळीच्या खुरातला काटा काढत बसले आणि पुन्हा, "बोल्टचं!"

म्हातारे झालेत. काहीबाही बोलतात.

तिकडे पाऊस कसा आहे? कालव्याला पूर येतो का? हे मी खरंच विचारतेय, टोमणा नाही.

दिवोता


कोर्ती, १४ जुलै

लिसान्द्रु,

तुझं उत्तर नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं, तरी टपालवाल्याला दोनदा विचारलं.

गुरुवारी रुदात उतरले. खालून, पुलापाशी. ठरवलं होतं की पहिल्या डोहापर्यंत पोहत जायचं, धबधब्याचा पाय बघायचा आणि परतायचं. सकाळी आठची वेळ, आभाळ कोरं, मी तीन ठिकाणी हवामान विचारून घेतलेलं. रबरी पोशाख घातला, हेल्मेट घातलं. पाणी कमरेला लागलं तिथे पाय थांबले. थंडीने नाही. रांजणखळग्यांमधून पाणी गुडगुडतं ना, तो आवाज ऐकला आणि मला वाटलं, वरून येतंय. काही येत नव्हतं. पाणी इतकं स्वच्छ होतं की तळाच्या दगडावरची ट्राउट मासोळी दिसत होती. मी तशीच मागे वळले. पुलावर येऊन पोशाख उतरवताना चेन अडकली, ती मला सुटेना. रस्त्यावरून जाणाऱ्या एका डच बाईने ती ओढून दिली.

अकरा वर्षं मी कुठल्याच घळीत उतरलेले नाही. तुला हे माहीत नसणार. लोकांना सांगते, पाठ दुखते.

त्या दिवसाबद्दल आपण कधी बोललोच नाही. तू कोर्टात बोललास, मी कोर्टात बोलले. एकमेकांशी नाही. तू चौघांना घेऊन आत गेलास, खाली लख्ख ऊन होतं, वर तळ्यापाशी फाटल्यासारखा पाऊस झाला आणि दोन तासांत लोंढा घळीत आला. तिघांना तू कपारीत वर ढकललंस. चौथी ओदिल, ती शाळेतली बाई, तिचा पाय दगडाखाली गेला, आणि मग गुडघ्याखालून काढावा लागला. तू उभं राहून म्हणालास, "आकाश साफ होतं. आत जायचं मी ठरवलं. दुसऱ्या कोणाचा संबंध नाही." परवाना गेला, शिक्षा झाली, ती तहकूब राहिली. आणि घरी आल्यावर आई तुला म्हणाली, "तुझ्या बापाने असं कधी केलं नसतं." महिन्याभरात तू बोट पकडलीस आणि बेट सोडलंस.

हे सगळ्यांना माहीत आहे. मी कशाला लिहितेय मग?

काल आन्सेल्मुकाकांकडे मीठ आणि पाव घेऊन गेले होते. ते दारातच उभे. आत ये म्हणाले नाहीत.

"मेरीमातेच्या जत्रेला मी खाली उतरणार," म्हणाले. "आठ सप्टेंबर. या वर्षी उतरलो की परत चढणं होणार नाही, गुडघे सांगतायत. तोपर्यंत तू त्याला सांग. नाही सांगितलंस तर मी माझ्या हाताने लिहीन, आणि माझं अक्षर कसं आहे तुला माहीत आहे. त्याला वाचायला महिना लागेल, पण लिहीन."

"काका, पोलीस तुमच्याकडे आले तेव्हा तुम्हीच सांगायचं होतंत."

"गणवेशवाल्याला मी आयुष्यात काही सांगितलेलं नाही. शेळ्या मोजत होतो म्हणालो. आणि खरं सांगू, एकाचं नाव गेलंच होतं. दुसऱ्याचंही घालवून तुमच्या आईच्या पदरात काय पडणार होतं? असं वाटलं तेव्हा. चुकलं माझं. आता तुझं तू बघ, पोरी."

पेन संपत आलंय, इथेच थांबते.

खोटं. पेन चांगलं चालतंय.

दिवोता


रुदाच्या वरचं तळं, २३ जुलै

लिसान्द्रु,

तारीख बघितलीस. मुद्दाम आज इथे चढून आलेय. घरी बसून हे लिहिता येत नव्हतं. तीन कागद चुलीत गेले. इथे चूल नाही, आणि तळ्यात कागद टाकणारी मी नाही.

आता सरळ लिहिते.

त्या सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी आपल्या ऑफिसातला फोन वाजला. आन्सेल्मुकाका होते. गोठ्यामागच्या खडकावर उभं राहिलं तरच त्यांना रेंज मिळायची, तिथून ओरडून बोलत होते. म्हणाले, "रोतोन्दुच्या डोंगरावर काळं झालंय. तळ्यावर पाऊस सुरू झाला, गारा पडतायत. लिसान्द्रुला सांग, आज रुदात शिरू नकोस." मी म्हटलं, "सांगते काका." आणि फोन ठेवला.

तुला फोन लावला, तो लागला नाही. पुलापाशी लागतच नाही. म्हणून गाडी काढली. वीस मिनिटांत पुलावर आले. मी सांगायला आले होते. हे तेवढं खरं मान. मी तुला सांगायलाच आले होते.

त्याआधीच्या आठवड्यात मी दोन वेळा तुला थांबवलं होतं. दोन्ही वेळा वादळ समुद्राकडे निघून गेलं आणि लोक आपल्यावर चिडले. सकाळी त्यावरूनच आपलं वाजलं होतं. तू म्हणालास, तुझं ऐकलं तर आपण फक्त बाथटबात लोकांना उतरवू. मी म्हटलं, तू एक दिवस कोणाला तरी मारशील. मी असं म्हटलं होतं, लिसान्द्रु. सकाळी सात वाजता, कॉफी पिताना.

मी गाडीतून उतरले. तू ओदिलच्या हेल्मेटचा पट्टा आवळत होतास. मला बघितलंस आणि दोन्ही हात पसरून मोठ्याने म्हणालास, "आली बघा आमची हवामानबाई! आज काय, भूकंप आहे का?"

सगळे हसले. ते चौघेही हसले. तूही हसलास, वाईट मनाने नाही, मला माहीत आहे. खाली ऊन होतं, पाणी चमकत होतं.

आणि मी म्हटलं, "काही नाही. जा."

बस. एवढंच झालं. मला आठवतं, मनात आलं होतं, भिजू दे. बसू दे तासभर कपारीत कुडकुडत, मग संध्याकाळी येऊन म्हणेल, दिवोता, तुझं बरोबर होतं. मला ते ऐकायचं होतं. पूर येईल असं वाटलं नव्हतं, पण येऊ शकतो हे मला माहीत होतं. हे लपवून उपयोग नाही. आपण दोघं याच पाण्यात वाढलो.

परत ऑफिसात येऊन मी यादी टाइप करत बसले. साडेअकराला खिडकीतून रोतोन्दुकडे बघितलं तर डोंगरच नव्हता. तेव्हा पळाले. तोपर्यंत पुलाखालून पाणी तपकिरी झालं होतं, वरती पाइनची पानं तरंगत होती. पुढचं तुला माहीत आहे.

कोर्टात न्यायाधीशांनी विचारलं, "तुम्हाला कोणी काही कळवलं होतं का?" मी "नाही" म्हटलं. तू बाकावर बसला होतास, माझ्याकडे बघत होतास. माझ्या वाट्याला दोष येऊ नये म्हणून तू तसं बोलला होतास, आणि माझ्या वाट्याचा दोष खरंच आहे हे तुला माहीतच नव्हतं. मग आईने तुला ते वाक्य ऐकवलं तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. नळ सोडला आणि भांडी घासत राहिले. आवाज यावा म्हणून.

माफी मागायला हवी. कशी मागू ते कळत नाही. पत्राच्या शेवटी लिहायची ती माफी ही नाही.

इथे वारा आहे. तळं आज काळसर दिसतंय, पण आभाळ मोकळं आहे. मी आता खाली जाऊन हे टपालात टाकणार आहे, घरी न जाता. घरी गेले तर टाकणार नाही.

दिवोता


कोर्ती, २५ ऑगस्ट

लिसान्द्रु,

महिना झाला. तू वाचलंस की नाही मला माहीत नाही. तरी पुढे काय केलं ते कळवते, कारण आता तुझ्यापासून काही ठेवायचं नाही असं ठरवलंय.

आईला सांगितलं. शेंगा सोलत होती. मी उभ्यानेच सांगितलं, सगळं, फोनपासून नळापर्यंत. तिने हातातली शेंग पुरी सोलली. म्हणाली, "तुमच्या दोघांत काहीतरी आहे हे मला वाटायचं. हे वाटलं नव्हतं." मग उठून खोलीत गेली. चार दिवस माझ्याशी बोलली नाही. जेवण वाढायची, माझ्यासमोर ताट ठेवायची, बोलायची नाही. पाचव्या दिवशी म्हणाली, "त्याला मी काय म्हणाले होते, ते तुला ऐकू गेलं होतं?" मी हो म्हटलं. "आणि तू भांडी घासत होतीस." मी हो म्हटलं. त्या संध्याकाळी तिने तुझं कार्ड फ्रीजवरून काढून आपल्या उशाशी नेलं.

वाटाड्यांच्या संघटनेकडे जाऊन लेखी दिलं. वकिलालाही भेटले. इतक्या वर्षांनी कायद्याने काय होईल ते तो बघतोय. माझा परवाना तूर्त काढून घेतलाय. नव्या वाटाड्यांपैकी एकाने मला दारात गाठलं, म्हणाला, "ताई, अकरा वर्षांनी कशाला उकरायचं? कोण विचारत होतं?" मी म्हटलं, आन्सेल्मुकाका विचारत होते. त्याला वाटलं मी थट्टा करतेय.

ओदिलला लिहिलं. तिचा पत्ता माझ्याकडे पहिल्यापासून होता. तिचं उत्तर आठ दिवसांत आलं, टाइप केलेलं. त्यातलं थोडं तुझ्यासाठी उतरवते, तुझ्याबद्दल आहे म्हणून:

"त्या सकाळी मीही हसले होते. तुमचा चेहरा मला आठवतो, तुम्ही लाल झाला होतात. मी तुम्हाला क्षमा पाठवत नाहीये, माझ्याकडे ती तयार नाही. पण अकरा वर्षं मी ज्या माणसावर चिडले, त्याने त्या दगडाशेजारी चाळीस मिनिटं माझं डोकं पाण्याच्या वर धरून ठेवलं होतं, आणि तरी मी चिडले, कारण कोणावर तरी चिडावं लागतं. आता राग वळवायचा तर पुन्हा सुरुवातीपासून सगळं आठवावं लागतंय. तुम्ही मला काम दिलंत. तरी न सांगण्यापेक्षा हे बरं. त्यांना सांगा, मी मुलांना अजून पोहायला शिकवते."

चाळीस मिनिटं. हे तू कोर्टात सांगितलं नाहीस. मला माहीत नव्हतं.

नद्यांचं काम चालू आहे, वाटा बघायला परवाना लागत नाही. आठवडाभर खालच्या तावियानुवर होते. पुराने डोहांच्या जागा बदलल्यात. जिथे आपण उड्या मारायचो तिथे आता वाळूचा पट्टा आहे, आणि जिथे गुडघाभर पाणी होतं तिथे तळ दिसत नाही. गावातली पोरंसोरं अजून जुन्याच खडकावरून उडी मारायला जातात. मी तिथे लाल रंगाने फुली मारली, आणि एकेकाला थांबवून सांगितलं. एका पोरीने तोंड वाकडं केलं. मी पुन्हा सांगितलं. तिने खाली वाकून काठीने खोली बघितली आणि काठी फूटभरच बुडाली, तेव्हा खडकावरून उतरली.

तू लिहू नकोस वाटलं तर. मी लिहीत राहीन.

दिवोता


कोर्ती, ६ ऑक्टोबर

लिसान्द्रु,

तू समोर होतास तेव्हा मला धड चार वाक्यं बोलता आली नाहीत, म्हणून पुन्हा कागद.

"चौदाला येतोय. बंदरावर येऊ नका." सप्टेंबरातलं तुझं हे कार्ड वाचून आईने तीन दिवस आधी कोकराची मांडी आणून ठेवली आणि तीन दिवस मला तिला हात लावू दिला नाही. तू स्टेशनवरून चालत आलास. दारात तुला बघितलं तेव्हा आधी ओळखलंच नाही, केस इतके पांढरे. आईने तुझ्या कानाला धरून तुझं डोकं खाली ओढलं आणि कपाळाला कपाळ लावून उभी राहिली. मी जिन्यावर होते. तू माझ्याकडे बघून मान हलवलीस. टपालवाल्याला हलवावी तशी.

दोन दिवस तू माझ्याशी "मीठ दे" एवढंच बोललास. मला तेही जास्त वाटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी म्हणालास, "चल." कुठे ते विचारलं नाही. पुलापाशी गाडी थांबवलीस, खाली उतरलास, आणि कठड्याशी जाऊन उभा राहिलास. मग म्हणालास,

"तू गाडीचं दार उघडं ठेवून उभी होतीस. तिथे उभी राहा."

मी राहिले.

"मी म्हणालो, आली बघा आमची हवामानबाई." तू ते हसत म्हणायचा प्रयत्न केलास. जमलं नाही. "आता बोल. जे बोलायला आली होतीस ते बोल."

खाली नदी इतक्या जोरात वाहत होती की मला ओरडावं लागलं. "आन्सेल्मुकाकांचा फोन आला होता. वर काळं झालंय. तळ्यावर गारा पडतायत. आज आत जाऊ नकोस."

"परत."

मी परत बोलले.

"परत."

तिसऱ्यांदा बोलले तेव्हा माझा आवाज फाटला. तू कठड्यावर बसलास, पाठ माझ्याकडे. मला वाटलं रडतोयस, पण वळलास तेव्हा डोळे कोरडे होते. चेहरा मात्र असा, की मी मागे सरकले.

"गेलो असतो की थांबलो असतो, मला माहीत नाही, दिवोता," तू म्हणालास. "तुझं पत्र आल्यापासून रोज विचार करतोय. कधी वाटतं, काकांचं नाव ऐकल्यावर थांबलोच असतो. कधी वाटतं, त्या चौघांसमोर तुझं ऐकायचं म्हणून मुद्दाम गेलो असतो. तेव्हा मी तसाच होतो. तू काही संताला फसवलेलं नाहीस. पण ते ठरवायची पाळी माझी होती. ती तू घेतलीस. आता मी कोण होतो ते मला कधीच कळणार नाही."

तुला सांगते, अकरा वर्षं मी ओदिलच्या पायाचा विचार केला, तुझ्या परवान्याचा केला, आईच्या त्या वाक्याचा केला. हे मी घेतलंय हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. न्यायाधीशांनाही ते विचारता आलं नसतं.

मग तू म्हणालास, "भूक लागलीय." आणि आपण पुलावर बसून आईने दिलेला पाव आणि प्रिसुत्तु खाल्लं. तू कापून दिलंस. हॅमची चरबी काढून माझ्या तुकड्यावर ठेवलीस, लहानपणी ठेवायचास तशी. ते तू विचार न करता केलंस आणि मग लक्षात आल्यावर थोडा थांबलास. पण परत उचलली नाहीस.

जाताना आन्सेल्मुकाकांना भेटायला गेलो, आता ते गावात मुलीकडे राहतात, खिडकीपाशी. त्यांनी तुझा हात बराच वेळ धरला आणि मला म्हणाले, "बोल्टचं विचारलंस का याला?" आणि स्वतःच खोकेपर्यंत हसले.

आई तुझ्याबरोबर येते म्हणाली तेव्हा मला वाटलं, तोंडदेखलं बोलतेय. एकोणऐंशी वर्षांत जिने बेट सोडलं नाही ती बाई. पण तिने पेटी भरली, त्यात चेस्टनटच्या पिठाच्या चार पिशव्या, "तिकडे मिळत असेल ते पीठ कोणी दळलंय कोणास ठाऊक." बोटीवर चढताना ती माझ्याकडे वळली. मी म्हटलं, "माझ्यावर रागावून जातेयस का?"

"छे. त्याच्यावर उगाच रागावले ती अकरा वर्षं तिकडे बसून उसवायचीयत. तुझ्यावर रागावलेय ते वेगळं आहे. ते आल्यावर."

"कधी येशील?"

"बघू. दारं कशी उघडतात ते बघायचंय मला."

तुला मी विचारलं, पुढच्या उन्हाळ्यात येशील का. तू म्हणालास, "पुढच्या नाही. त्याच्या पुढच्या, बघू." मी मान डोलावली. बोट वळली तेव्हा आई वरच्या कठड्याशी उभी होती, डोक्याला रुमाल घट्ट बांधून, समुद्राशी भांडायला निघाल्यासारखी. तू तिच्या मागे, दोन्ही हात कठड्यावर, ती मधे. हात कोणीच हलवला नाही. आपल्या घरात ती पद्धत नाही.

घर आता फार मोठं वाटतं. मी एकटीसाठी शेंगा सोलते आणि जास्तच सोलल्या जातात.

एक राहिलं. काल अहवाल दिला. एकशे बारा पानं. तळी, पूल, शिड्या, डोहांच्या नव्या जागा. रुदाची घळ मी आत न उतरता लिहिली नाही. सप्टेंबरच्या शेवटी नव्या वाटाड्यांपैकी दोघांबरोबर उतरले. पहिल्या डोहात पाय थांबले तेव्हा मी त्यांना सांगितलं, मला भीती वाटतेय, दोन मिनिटं थांबा. ते थांबले. मग मी आत गेले. आतलं पाणी अजून तसंच आहे, हिरव्या बाटलीच्या काचेतून बघितल्यासारखं. तीन तास लागले.

घळ उघडायला हरकत नाही, असं लिहिलंय. अट एक घातली. वर झोपडीपाशी मोसमभर एक माणूस फोन घेऊन असावा, आणि त्याचा "जा" असा निरोप वाटाड्याने स्वतःच्या कानांनी ऐकल्याशिवाय कोणी आत शिरू नये. मधे कोणी नको. त्याखाली कारणाची एक ओळ आहे. तिथे लिहिलं, "२३ जुलै २०१३ रोजी असा निरोप आला होता. तो पोचवला गेला नाही. निरोप घेणारी व्यक्ती: अहवाल लिहिणारी."

नगरपालिकेतल्या कारकूनबाईंनी ते वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. हळूच म्हणाल्या, "अहो, अट पुरेशी आहे. एवढं कारण द्यायची गरज नसते. ही ओळ काढू का?"

मी म्हटलं, "नको. असू दे."

त्यांनी शिक्का मारला.

दिवोता